माथेरानचा मॅलेट, पुण्याचा मॅलेट: इंग्रज बॅरोनेट घराण्याचा इतिहास कसा शोधावा

माथेरानला गेलात की कोणीतरी सांगतेच: ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० च्या मे महिन्यात हा डोंगर शोधून काढला. (तिथे राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना तो आधीच सापडलेला होता, ते असो.) पेशवाईचा इतिहास वाचताना दुसरा मॅलेट भेटतो, तो सवाई माधवरावांच्या दरबारातला इंग्रज वकील. लंडनला शिकायला गेलेल्यांना तिसरा मॅलेट रोज पायाखाली येतो. ब्लूम्सबरीत लंडन विद्यापीठाच्या मुख्य इमारतीपाशी मॅलेट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे.

हे तिघे एकाच घरातले: आजोबा, मुलगा आणि नातू. आजोबांना १७९१ साली बॅरोनेट हा किताब मिळाला, तोही पुण्यातल्या कामगिरीमुळे. इंग्रज बॅरोनेट घराण्याचा इतिहास कसा काढायचा, हे मला अधूनमधून विचारले जाते. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आपल्या गावाशी किंवा गडाशी जोडलेला एखादा साहेब कोण होता एवढेच हवे असते. म्हणून हे घराणे उदाहरणाला घेतो. पद्धत कुठल्याही बॅरोनेटला लागू पडेल.

पायरी पहिली: किताब नेमका काय ते समजून घ्या

नवखे लोक इथेच घसरतात. बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. त्याला उमरावांच्या सभागृहात जागा नसते. तो 'सर' म्हणवतो, त्याची बायको 'लेडी' म्हणवते, पण साध्या नाइटचे 'सर' त्याच्याबरोबर संपते आणि बॅरोनेटचे पुढच्या पिढीकडे जाते. म्हणजे हा वंशपरंपरागत 'सर'. नावापुढे 'बार्ट' किंवा 'बीटी' अशी अक्षरे दिसली की बॅरोनेट समजावा. नुसत्या 'सर'वरून काहीच ठरत नाही.

किताबाचा उगम अगदी व्यवहारी आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात फौज ठेवायला पैसा हवा होता. २२ मे १६११ रोजी त्याने हा किताब काढला आणि किंमत लावली १०९५ पौंड. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब सरळ आहे. ३० शिपाई, प्रत्येकी रोज ८ पेन्स, म्हणजे २४० पेन्स. त्या काळी २४० पेन्सचा एक पौंड होई. रोजचा एक पौंड, वर्षाचे ३६५, तीन वर्षांचे १०९५. सोबत अट होती की घराण्याला वर्षाला हजार पौंडांचे उत्पन्न असावे आणि निदान आजोबांपासून कुलचिन्ह वापरायचा हक्क असावा. अल्स्टरचा लाल पंजा बॅरोनेटांच्या चिन्हात आला तो यामुळे. जुन्या थडग्यावर किंवा चांदीच्या भांड्यावर कुलचिन्हात लाल हात दिसला, तर तो माणूस बॅरोनेट असण्याची शक्यता मोठी.

पुढे आयर्लंडचे वेगळे बॅरोनेट झाले, १६२५ पासून स्कॉटलंडचे, म्हणजे 'नोव्हा स्कोशिया'चे झाले. १७०७ नंतरचे ग्रेट ब्रिटनचे आणि १८०१ नंतरचे युनायटेड किंग्डमचे. आपले मॅलेट १७९१ चे, म्हणजे ग्रेट ब्रिटनच्या यादीतले. ही वर्गवारी रुक्ष वाटली तरी टिपून ठेवा, कारण कुठला ग्रंथ उघडायचा ते तिच्यावर ठरते. १६११ ते १८०० मधल्या सगळ्या बॅरोनेटांची सहा खंडांची सूची जी. ई. कोकेन या गृहस्थाने १९०० पासून पुढे छापली. किताब त्या काळातला असेल तर सुरुवात तिथूनच करा. १८०१ नंतरचा असेल तर बर्क आणि डेब्रेट यांच्या नावाने निघणारे वंशग्रंथ.

पायरी दुसरी: किताबधारकांची यादी उतरवा आणि जन्म-मृत्यूची साले वाचा

इतर काही करण्याआधी एका कागदावर क्रमाने नावे लिहा. मॅलेटांची यादी अशी होते: पहिले सर चार्ल्स वॉर मॅलेट, मृत्यू १८१५. दुसरे सर अलेक्झांडर, १८०० ते १८८६. तिसरे सर हेन्री, १८३५ ते १९०४. चौथे सर एडवर्ड बाल्डविन, १८३७ ते १९०८. पाचवे सर एडवर्ड सेंट लो, १८७२ ते १९०९. सहावे सर चार्ल्स सेंट लो, १९०६ ते १९१८. सातवे सर हॅरी, १८७३ ते १९३१. पुढे किताब चालूच राहिला, पण हयात माणसांना आपण सोडून देऊ.

आता ही यादी डोळे उघडे ठेवून वाचा. दुसऱ्याने किताब ७१ वर्षे सांभाळला. त्यानंतर १९०४ ते १९१८ या १४ वर्षांत तो चार वेळा हात बदलला. तिसरा आणि चौथा यांच्या जन्मात दोनच वर्षांचे अंतर आहे, म्हणजे ते बापलेक असूच शकत नाहीत. ते भाऊ होते. मोठ्याला मुलगा असता तर किताब धाकट्याकडे आला नसता, एवढे त्या दोन सालांवरूनच कळते. सहावा बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास गेला आणि त्याच्यानंतर आलेला सातवा त्याच्यापेक्षा ३३ वर्षांनी मोठा! म्हणजे किताब खाली जाण्याऐवजी मागे वळून एखाद्या काकाकडे किंवा भाऊबंदाकडे गेला. नाते नेमके कोणते, ते नंतर दाखल्यांवरून पक्के करायचे. पण कुठे खणायचे ते यादीनेच सांगितले.

माझा अनुभव असा की नवे लोक यादी 'झाली' म्हणून बाजूला ठेवतात आणि पहिल्या पुरुषाच्या पराक्रमात रमतात.

पायरी तिसरी: वारसा कुठल्या अटीवर चालतो ते पाहा

किताब देताना जी सनद निघते तिच्यात वारसाची अट लिहिलेली असते. नेहमीची अट म्हणजे पहिल्या धारकाच्या पोटचे, कायदेशीर लग्नातून झालेले पुरुष वारस. इथे आपल्याकडची सवय आड येते. आपल्याला दत्तकाची कल्पना पाठ असते, मुलगा नसला की दत्तक घ्यायचा आणि गादी चालू ठेवायची. बॅरोनेटसीत दत्तक चालत नाही. मुलगी चालत नाही. लग्नाबाहेरचा मुलगा चालत नाही. आधी थोरल्या मुलाची सगळी पुरुषशाखा संपली पाहिजे, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. कोणीच उरले नाही की किताब लुप्त. वारस असण्याचा संभव आहे पण कोणी सिद्ध केलेले नाही, तर किताब सुप्त. हे दोन शब्द वेगळे ठेवा.

काही सनदांत खास अटी असतात, आणि त्यातली सर्वांत गमतीची आपल्या मुंबईची आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांना १८५७ साली बॅरोनेट केले गेले, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या घराण्यासाठी वेगळा कायदा झाला आणि जो कोणी वारस होईल त्याने स्वतःचे नाव सोडून जमशेटजी जिजीभाई हेच नाव घ्यायचे असे ठरले. त्यामुळे 'सर जमशेटजी जिजीभाई' असे कुठे वाचलेत तर आधी विचारा, कितवे? साल न पाहता रुग्णालय, कलाशाळा आणि शंभर वर्षांनंतरची एखादी सभा एकाच माणसाच्या खात्यावर टाकणारे लेख मी पाहिले आहेत.

१९१० पासून बॅरोनेटांची अधिकृत नोंदवही आहे. वारसाने जन्म-लग्नाचे दाखले देऊन नाव चढवून घ्यायचे असते, तोवर सरकारी कागदात त्याला बॅरोनेट म्हणत नाहीत. हल्ली या पुराव्यात विज्ञानही आले आहे. स्टिचिलच्या प्रिंगल बॅरोनेटसीचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीपुढे गेला. तिथे २०१६ साली डीएनएचा पुरावा मानला गेला आणि किताब दुसऱ्या शाखेकडे गेला. कागदावर पिढ्यान्‌पिढ्या बरोबर दिसणारी वंशावळ रक्तात चुकीची निघू शकते.

पायरी चौथी: किताबाची ओळ सोडा, घर पाहा

हे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, म्हणून जरा रेंगाळतो. किताब एका वेळी एकाच माणसाकडे असतो. घरात मात्र दहा-पंधरा माणसे असतात. पहिल्या मॅलेटला आठ मुलगे होते. त्यातला एकच बॅरोनेट झाला. बाकीचे सात कुठे गेले? धाकट्या मुलांना जमीन नाही, किताब नाही. मग चर्च, फौज किंवा कंपनीची नोकरी. आणि बापाची ओळख मुंबई इलाख्यात असली की मुले कुठे येणार हे उघड आहे.

जॉर्ज ग्रेनव्हिल मॅलेट मुंबईच्या फौजेत घोडदळाचा अधिकारी झाला. सिंधचा फारसी इतिहास त्याने इंग्रजीत आणला आणि १८५६ च्या डिसेंबरात इराणच्या मोहिमेत बुशहरजवळ तो मारला गेला. आर्थर मुंबई सरकारच्या मुलकी नोकरीत चढत गव्हर्नरच्या कौन्सिलपर्यंत पोचला. ह्यू पोइंट्झ ठाण्याचा कलेक्टर झाला आणि माथेरान चढला. तिथल्या एका झऱ्याला आजही मॅलेटचे नाव आहे. यातला एकही किताबधारकांच्या यादीत नाही. फक्त यादीवर थांबलात तर महाराष्ट्राशी ज्यांचा खरा संबंध, तेच हातातून निसटतात.

आपल्याकडे कुलवृत्तांत काढणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. ते सगळ्या शाखा धरतात, कोण कुठल्या गावी गेले ते लिहितात. तीच सवय इथे आणा. बर्कच्या ग्रंथात धाकट्या शाखा बारीक अक्षरात, आत सरकवून छापलेल्या असतात. त्या बारीक अक्षरांतच आपला साहेब असतो.

नावांकडेही नीट पाहा. इंग्रज घराण्यांत आईचे किंवा आजीचे माहेरचे आडनाव मुलाचे मधले नाव होते. पहिल्या मॅलेटची आई सेंट लो घराण्यातली, आणि पाचव्या-सहाव्या बॅरोनेटच्या नावात 'सेंट लो' शंभर वर्षांनी पुन्हा दिसते. 'वॉर'चेही तसेच. ऑक्टेव्हियस नावाचा मुलगा भेटला तर लॅटिन आठवा: ऑक्टेव्हियस म्हणजे आठवा. आणि एकाच नावाची माणसे वेगळी ठेवा. मॅलेटांकडे दोन अलेक्झांडर आहेत. एक पहिल्या बॅरोनेटचे वडील, सॉमरसेटमध्ये कूम फ्लोरीचे आणि डॉर्सेटमध्ये मेडन न्यूटनचे धर्मगुरू. दुसरा पहिल्या बॅरोनेटचा मुलगा, फ्रँकफुर्टला ब्रिटनचा राजदूत. सालाशिवाय नुसते नाव कधीही लिहून ठेवू नका.

पायरी पाचवी: इंग्लंडमधले कागद

छापील वंशावळ हा दावा असतो, पुरावा नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या वंशग्रंथांना माहिती बहुतेकदा घराण्यांनीच पुरवलेली असे, आणि नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले त्या १०६६ च्या स्वारीत कोणाला आपला मूळ पुरुष नको असेल? मॅलेटांचेच पाहा. त्याच स्वारीतल्या हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यम मॅलेट नावाचा नॉर्मन सरदार खरोखरच होता, समकालीन लेखनात त्याचे नाव आहे. सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेट आणि करी मॅलेट या गावांच्या नावांत हे आडनाव आजही आहे. पण हेस्टिंग्जचा मॅलेट आणि पुण्याचा मॅलेट यांच्यामध्ये सातशे वर्षे आहेत, आणि त्यातली प्रत्येक पिढी कागदाने जोडायची आहे. वर सांगितलेल्या आर्थरने १८८५ साली घराण्याचा इतिहास छापला. तो उपयोगी आहे, पण घरच्याने घराबद्दल लिहिलेला आहे हे विसरू नका.

कागदांचा क्रम मी असा ठेवतो. अलीकडून मागे जायचे. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. जनगणना दर दहा वर्षांनी. त्यात घरातल्या सगळ्यांची नावे १८४१ पासून मिळतात. १९३१ ची जनगणना आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, तेव्हा तिथे डोके आपटू नका. १८३७ च्या आधीसाठी चर्चची पुस्तके, ती त्या-त्या परगण्याच्या अभिलेखागारात असतात.

मृत्युपत्रे मात्र आधी पाहा असे मी म्हणेन. जन्मनोंद एक तारीख देते, मृत्युपत्र सगळे घर देते: कोणाला काय, कोणावर राग, कुठली मुलगी लग्नाची राहिली. १८५८ च्या जानेवारीपर्यंत श्रीमंतांची मृत्युपत्रे बहुधा कँटरबरीच्या धर्मन्यायालयात सिद्ध होत आणि ती आता लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. किताब दिल्याची सूचना 'लंडन गॅझेट'मध्ये शोधा, ते १६६५ पासून निघते. १७५२ पर्यंत इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या जुन्या तारखांत एका वर्षाचा फरक दिसला तर घाबरू नका.

किताबाला गावाचे नाव जोडलेले असते. मॅलेटांचे आहे विल्टशरमधले विल्बरी. त्यावरून कुठल्या परगण्याचे दप्तर उघडायचे ते कळते, पण घराण्याचे मूळ तिथेच असे धरू नका. विल्बरीचे घर १७१० च्या सुमारास विल्यम बेन्सनने बांधले. मॅलेटांची मुळे शेजारच्या सॉमरसेटात.

पायरी सहावी: इकडचे कागद

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बंगाल, मद्रास, मुंबई असे तीन गठ्ठे, मुंबईचा क्रमांक 'एन/३'. तिथे हिंदुस्थानी नोकर, मुनशी, बायका जवळजवळ सापडत नाहीत. त्यांच्यासाठी खाजगी पत्रे आणि डायऱ्या.

पुण्याच्या मॅलेटसाठी मात्र आपण नशीबवान आहोत. तो १७८६ ला पुण्यात आला, मुळा-मुठेच्या संगमावर राहिला आणि १७९७ पर्यंत कंपनीला पत्रांवर पत्रे लिहीत राहिला. ती पत्रे 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स' या मालेत छापलेली आहेत. रियासतकार सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांनी त्या मालेचे संपादन केले. संगमावरचा तो बंगला १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी जाळला गेला, तेव्हा जागेवर जाऊन फार काही मिळणार नाही. मराठी बाजूसाठी पुणे पुरालेखागार आणि छापील पत्रसंग्रह. तिथे हे नाव एकाच रूपात भेटेल अशी अपेक्षा ठेवू नका. मॅलेट, मालेट, जसे कानाला आले तसे लिहिलेले असू शकते. इंग्रजीतही 'एल' कधी एक, कधी दोन.

१७९० मध्ये टिपूविरुद्ध कंपनी, पेशवे आणि निजाम यांचा तह झाला. पुण्यातली बोलणी मॅलेटने नाना फडणिसांशी केली, आणि पुढच्याच वर्षी बॅरोनेटसी आली. ही तारखांची जोडी सापडली की किताब का मिळाला हे वेगळे विचारावे लागत नाही.

पायरी सातवी: चित्रे आणि पाट्या

लंडनच्या टेट संग्रहात थॉमस डॅनियलचे एक मोठे चित्र आहे: शनिवारवाड्यातला दरबार, सवाई माधवराव, मॅलेट, तहाचा प्रसंग. पुस्तकांत ते 'प्रत्यक्ष प्रसंग' म्हणून छापले जाते. पण डॅनियलने ते १८०५ मध्ये इंग्लंडात रंगवले, तेही जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या कामावरून. आणि वेल्स स्वतः मुंबईला उतरला १७९१ मध्ये, तह होऊन गेल्यावर. म्हणजे दोन्ही चित्रकारांपैकी तो प्रसंग कोणी पाहिलाच नव्हता. चेहरे मात्र भरवशाचे, कारण वेल्सने पुण्यात राहून पेशव्यांची, नानांची, महादजींची चित्रे समोर बसवून काढली होती. गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार त्याच काळात मॅलेट आणि वेल्ससाठी लेण्यांची चित्रे काढत होता. वेल्स १७९५ मध्ये साष्टीत वारला. त्याची मुलगी सुझाना हिच्याशी मॅलेटने १७९९ साली लग्न केले. त्या आठ मुलांची आई ती हीच.

मॅलेट स्ट्रीट हे नाव चौथ्या बॅरोनेटचे. सर एडवर्ड आधी इजिप्तमध्ये आणि मग बर्लिनला ब्रिटनचा प्रतिनिधी होता. पण रस्त्याला नाव मिळाले ते सासऱ्यामुळे. त्याची बायको अर्मिन्ट्रूड ही बेडफर्डच्या ड्यूकची मुलगी आणि ब्लूम्सबरीची बरीचशी जमीन ड्यूकची. बायकोला 'लेडी मॅलेट' न म्हणता 'लेडी अर्मिन्ट्रूड मॅलेट' म्हणतात. 'लेडी'पुढे तिचे स्वतःचे नाव आले की समजा, मान माहेरून आलेला आहे. शिवाय एडवर्ड किताब मिळण्याच्या कितीतरी आधीपासून 'सर' होता, नाइट म्हणून. १८९० च्या एखाद्या कागदात 'सर एडवर्ड मॅलेट' वाचून त्याला तेव्हाच बॅरोनेट ठरवाल तर यादी चुकेल.

पायरी आठवी: वंशवृक्ष काढताना

मोठा कागद घ्या. किताबाची ओळ लाल, बाकी शाखा काळ्या, आणि ज्याला कागदाचा आधार नाही ती रेघ तुटक. हेस्टिंग्जचे शतक आणि पुण्याचे शतक यांमधल्या बऱ्याच रेघा मॅलेटांच्या कागदावर तुटकच राहतात, राहू द्या. प्रत्येक नावाखाली ते कुठून मिळाले ते पेन्सिलीने लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

आणि पहिल्या मॅलेटच्या शेजारी, सुझानाच्या आधी, एक जागा मोकळी ठेवा. पुण्याच्या दिवसांत त्याच्यासोबत अंबर कौर नावाची हिंदुस्थानी स्त्री राहत होती आणि तिच्यापासून त्याला मुले झाली. सनदेतल्या 'कायदेशीर लग्नातून' या शब्दांमुळे ती मुले, वयाने मोठी असूनही, किताबाच्या वाटेवर नव्हती. किताबधारकांच्या यादीत ती सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी पत्रे आणि चित्रकार वेल्सची डायरी यांकडे वळावे लागते. त्या मुलांना काळ्या शाईने, इतर भावंडांच्याच ओळीत लिहा.